गच्चीवरचा सेन्सर सिंहगडावर ऐकू येतो, पण खालच्या पंपरूममध्ये नाही: अँटेनाची तपासणी

तक्रार साधारण अशी असते. सोसायटीच्या वरच्या टाकीवर पातळी मोजणारा सेन्सर आहे, त्याला लोरा मॉड्यूल (कमी ताकदीत दूरवर निरोप पाठवणारा छोटा रेडिओ) जोडलेलं आहे. तळमजल्यावर पंपरूममध्ये रिसीव्हर आणि त्याच्या रिलेवर पंपाचा स्टार्टर. टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग एखाद्या रात्री पंप बंदच होत नाही, पाणी गच्चीवरून जिन्यात येतं. पुण्यात पाणी ठरावीक वेळी येतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, त्यामुळे असं वाहून गेलेलं पाणी फार लागतं. कोणीतरी मॉड्यूल रीसेट करतं, काही दिवस ठीक जातात, की पुन्हा तेच.

यावर बहुतेकजण करतात ती दुरुस्ती म्हणजे तपकीर गल्लीत जाऊन मोठा अँटेना आणणं. अँटेनाची छोटी काडी काढून पांढरा फायबरचा, आठ डीबीआयचा (हे गेनचं माप, त्याबद्दल खाली), चांगला उंच अँटेना गच्चीत पाइपाला उभा बांधतात. तरी भागलं नाही तर मॉड्यूलची पॉवर वाढवतात. तरीही नाही तर एसएफ ७ चा एसएफ १२ करतात (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा मोठा तितका निरोप सावकाश जातो आणि दूरवर ऐकू येतो). हे तिन्ही उपाय केलेली यंत्रणा मी सिंहगड रोडला पाहिली आहे, वारज्यात पाहिली आहे, कोथरूडमध्येही पाहिली आहे. सगळीकडे एकच प्रकार होता: टेकडीवर उभं राहिलं की पॅकेट (मॉड्यूलचा एकेक निरोप) स्वच्छ ऐकू येत होतं आणि त्याच इमारतीच्या पायथ्याशी गळत होतं.

गेन म्हणजे नेमकं काय

अँटेना ताकद निर्माण करत नाही. मॉड्यूलने दिलेली ताकद कोणत्या दिशेला किती जाईल, एवढंच तो ठरवतो. भाकरीचा गोळा तेवढाच असतो; जास्त थापला की भाकरी मोठी होते आणि पातळ होते. आठ डीबीआयच्या उभ्या अँटेनाचं तसंच आहे. तो सगळी ताकद क्षितिजाच्या पातळीत चहूबाजूंना पसरवतो, आणि त्या पसरलेल्या पट्ट्याची उभी जाडी जेमतेम १५ ते २० अंश राहते. साध्या अर्धतरंग डायपोलला (दोन सारख्या बाहूंचा, अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना) हीच जाडी सुमारे ७८ अंश असते.

आता पंपरूम कुठे आहे ते बघा. सरळ खाली. कोणत्याही उभ्या अँटेनाच्या अक्षाच्या दिशेला, म्हणजे टोकाच्या वर आणि बुडाच्या खाली, सिग्नल जवळजवळ शून्य असतो. गेन वाढवला तर या रिकाम्या भागाचा विस्तारही वाढतो. म्हणजे आपण पैसे खर्च करून सिग्नल पंपरूमपासून काढून घेतला आणि गावाला वाटला.

गावाला किती, याचाही हिशेब करू. मॉड्यूलची पॉवर १४ डीबीएम, म्हणजे २५ मिलिवॉट. अँटेना ८ डीबीआय. वडगाव-धायरी भागातून सिंहगड सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत आहे, पण आपण पंधराच धरू. मॉड्यूल ८६६ मेगाहर्ट्झवर बोलतं; तिथे मोकळ्या हवेत एवढ्या अंतरावर सुमारे ११५ डेसिबल घट होते (दर दहा डेसिबलला ताकद दहापट कमी). गडावर कोणी २ डीबीआयचा साधा अँटेना घेऊन बसला असेल तर त्याला मिळतात उणे ९१ डीबीएम. एसएफ ७ ला चांगला लोरा रिसीव्हर उणे १२३ पर्यंत ऐकतो. म्हणजे गडावर ३२ डेसिबल शिल्लक उरतात, दीड हजार पटीहून जास्त. अट एकच, मध्ये आडवं काही नको. आणि गच्ची व गड यांच्यामध्ये बहुधा काहीच नसतं. दूरदर्शनचा मनोरा गडावर आहे तो याच कारणाने.

याउलट पंपरूमचं अंतर तीस मीटर. मोकळ्या हवेत इथे घट फक्त ६१ डेसिबल. एवढ्या जवळ सिग्नल धो धो मिळायला हवा. पण अँटेनाचं बूड त्या दिशेला, मध्ये पॅरापेट (गच्चीचा कठडा), मध्ये लोखंडी सळ्यांचे स्लॅब. सगळं वजा जाता उणे १०० च्या आसपास येतं. या पातळीला लिंक चालते, पण तिच्या हाताशी तेवीसच डेसिबल उरतात. पार्किंगमध्ये एखादा टेम्पो उभा राहिला, पंपरूमचं शटर खाली आलं, की गेली. अधूनमधून येणारा दोष असाच असतो. म्हणून रीसेट केल्यावर "सुधारला" असं वाटतं, आणि खरं तर तेवढ्यात टेम्पो हललेला असतो.

अँटेना बदलण्याआधी

अँटेना मॉड्यूलला जोडणाऱ्या एसएमए कनेक्टरच्या दोन जाती बाजारात मिळतात, साधी आणि आरपी (सुई-भोक उलट असलेली). दोघींचे आटे एकमेकांत घट्ट बसतात, पण चुकीच्या जोडीत मधली सुई मधल्या भोकात जात नाही. दोन्हीकडे भोकं समोरासमोर येतात. बाहेरून सगळं नीट दिसतं. वायफाय राउटरचा अँटेना लोरा मॉड्यूलला लावला की हा घोळ हमखास. तो काढून डोळ्यांनी बघा.

काडीवर ४३३ लिहिलंय की ८६८ (मेगाहर्ट्झ), हेही बघा; आपल्याला ८६८ ची लागते. लिहिलेलं नसेल तर लांबी मोजा. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणून पाव तरंगाची तार साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते. ४३३ ची तार सतरा सेंटिमीटर. ती ८६६ ला अर्ध्या तरंगाची होते, तिच्या बुडाशी रोध प्रचंड वाढतो आणि मॉड्यूलची बरीचशी ताकद परत फिरते. गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या काड्या बाहेरून मोजून कळत नाहीत, त्यांना नॅनोव्हीएनएच (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लागतो.

केबल लांब असेल तर ती कोणती आहे ते पाहा. आरजी-५८ ला या फ्रिक्वेन्सीवर मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल जातो, बारीक आरजी-१७४ ला सुमारे एक. दहा मीटर बारीक केबल लावून आठ डीबीआयचा अँटेना जोडला, तर गेन केबलनेच खाल्ला. पावसाळ्यानंतर जोड उघडून बघा. केबलमधली तारांची वेणी हिरवट पडली असेल तर केबल फेकून द्या, पुसून चालत नाही.

आणि अँटेना काढलेल्या अवस्थेत मॉड्यूल चालू ठेवू नका. परतलेली ताकद ट्रान्समीटरच्या शेवटच्या भागाला इजा करू शकते.

टाकी भरली की निरोप का हरवतो

हे कारण सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येतं, आणि नुकसान सर्वांत जास्त तेच करतं. म्हणून इथे थोडा थांबतो.

सेन्सरचा डबा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या टाकीच्या अंगालाच चिकटवलेला असतो, आणि अँटेना डब्याला. टाकी रिकामी असताना प्लास्टिकचा अडथळा नगण्य. "पाणी कमी आहे, पंप चालू करा" हा निरोप सुरळीत जातो. पाणी चढत अँटेनाच्या उंचीला आलं की दोन गोष्टी एकदम घडतात. पाण्याचा डाय-इलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचा आकडा) सुमारे ऐंशी, हवेचा एक. एवढा मोठा डाय-इलेक्ट्रिक अँटेनाच्या अगदी लगत आला की त्याची अनुनादाची फ्रिक्वेन्सी खाली सरकते, अँटेना बेसूर होतो. शिवाय टाकीच्या पलीकडे जाणाऱ्या लहरींपैकी बऱ्याच पाण्याच्या पृष्ठभागावरून परततात आणि उरलेल्या आत जिरतात. मीटरभर पाण्यातून सिग्नल पार होणं विसराच. परिणाम काय, तर "टाकी भरली, पंप बंद करा" हा एकच निरोप पोचायला हवा होता आणि नेमका तोच पोचत नाही.

तपासायला सोपं आहे. रिसीव्हरवर आरएसएसआय (मिळालेली ताकद) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली) दाखवायची सोय करा, आणि टाकी भरताना दर पॅकेटला आकडे लिहून काढा. पातळी वर चढते तसे आकडे खाली जात असतील तर दोष सापडला. अँटेना टाकीपासून किमान एक तरंगलांबी, म्हणजे फूटभर तरी, दूर घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाकीच्या पंपरूमकडच्या बाजूला घ्या, टाकी मध्ये येता कामा नये. आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा: लोरा गोंगाटाच्या खालीही ऐकतो, तेव्हा आरएसएसआय एका जागी अडकल्यासारखा दिसतो आणि खरी पडझड एसएनआर सांगतो. एसएफ ७ ला तो उणे साडेसात डेसिबलच्या खाली गेला की पॅकेट गेलं.

फक्त संध्याकाळीच बिघडतं

अशी तक्रार असेल तर सोसायटीच्या गेटवर जाऊन बघा. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचून अडसर उघडणारा रीडर बसवला आहे का? फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्येच चालतो. २००५ च्या नियमांनी हा पट्टा आरएफआयडी आणि इतर कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून खुला झाला. मर्यादा एक वॉट ट्रान्समीटरची आणि चार वॉट प्रभावी प्रसारित ताकदीची. म्हणजे तुमचं २५ मिलिवॉटचं मॉड्यूल आणि गेटवरचा रीडर एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी आहेत. पंपरूम पार्किंगलगत, गेट पंचवीस मीटरवर, रीडर पूर्ण ताकदीने चालणारा आणि त्याचा झोत तुमच्याकडे, असं असेल तर रिसीव्हरला त्याच्याकडून उणे २० डीबीएमच्या आसपास मिळतात. तुमचं पॅकेट उणे १०० ला. फरक ऐंशी डेसिबल, म्हणजे दहा कोटी पट. लोक कामावरून परततात, गेटवर गाड्यांची रांग लागते, रीडर सतत बोलतो आणि तुमचा रिसीव्हर बहिरा होतो.

इथे पॉवर वाढवून काही होणार नाही. दहा डेसिबल वाढवलेत तरी सत्तर उरतात. अँटेना ज्या दिशेला कमी पाठवतो त्याच दिशेचं कमी ऐकतोही, हा नियम मात्र कामाला येतो. पंपरूममधला अँटेना असा वळवा की त्याचं टोक रीडरकडे आणि अंग गच्चीकडे राहील. चॅनेलही बदलून बघा, शक्य तितकं रीडरपासून दूर. सेक्रेटरींना सांगून रीडरचा झोत पार्किंगकडून गेटकडे वळवून घेता आला तर फारच उत्तम. त्यांना नुसतं "इंटरफेरन्स आहे" सांगू नका. गाडी गेटवर थांबवून आरएसएसआय पडताना दाखवा, लगेच पटतं.

बसवायचं कसं

फायबरचा मोठा अँटेना उतरवा. त्याच्या जागी साधा अर्धतरंग डायपोल घ्या, दोन्ही बाहू प्रत्येकी सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तो आडवा बसवा. आडव्या डायपोलचं अंग खाली जमिनीकडे होतं, म्हणजे पंपरूमकडे पूर्ण सिग्नल जातो. त्याची दोन टोकं दोन दिशांना मुकी असतात. त्यातलं एक टोक तुम्हाला ज्या टेकडीवर ऐकू जायचं नाही तिकडे करा.

स्लॅबमधून सरळ खाली पाठवण्याचा प्रयत्न करू नका. प्रत्येक आरसीसी स्लॅबला दहा-वीस डेसिबल जातात, सहा मजल्यांनंतर काही उरत नाही. वाट बाहेरून किंवा प्लंबिंगच्या डक्टमधून काढावी लागते. पॅरापेटच्या बाहेरच्या अंगाला, पंपरूमच्या बाजूला, फूट-दीड फूट पुढे येणाऱ्या ब्रॅकेटवर डायपोल लावा. शक्य असेल तर इमारतीची अशी बाजू निवडा की टेकडी पाठीमागे पडेल आणि इमारतच आड येईल. खाली रिसीव्हरचा अँटेना पंपरूमच्या दारातून बाहेर काढा आणि वरच्याशी समांतर, आडवाच ठेवा. एक उभा आणि एक आडवा ठेवला तर कागदावर वीस डेसिबल तरी जातात. इमारतींमध्ये परावर्तनं इतकी असतात की प्रत्यक्षात कमी जातात, पण विनाकारण का घालवायचे? गेटचा रीडर आणि समांतरपणा या दोन्ही गरजा एकदम भागत नसतील तर मी रीडरला प्राधान्य देतो.

आता पॉवर १४ वरून २ डीबीएमवर आणा. इथे लोक बिचकतात, म्हणून हिशेब. २ अधिक दोन्ही अँटेनांचे २ आणि २, वजा ६१, झाले उणे ५५. भिंती-कोपऱ्यांचे तीस आणखी वजा करा, उणे ८५. एसएफ ७ च्या मर्यादेपेक्षा अजून ३८ डेसिबल वर. पॉवर सोळापट कमी करूनही लिंक पहिल्यापेक्षा भक्कम.

गडावर काय उरलं? टोकाकडून डायपोल प्रत्यक्षात उणे दहा डीबीआयच्या आसपास धरू, कारण परावर्तनांमुळे कागदावरचं शून्य कधीच मिळत नाही. २ वजा १०, अधिक २, वजा ११५, म्हणजे उणे १२१. इमारत आड आल्याचे पंधरा धरले की उणे १३६. उणे ९१ चे उणे १३६ झाले, म्हणजे एसएफ ७ च्या उणे १२३ च्या मर्यादेखाली गेले, आणि मूळ काम सुधारलं.

एसएफ ७ वर परत या, हे वेगळं सांगायला हवं. एसएफ १२ उणे १३७ पर्यंत ऐकू येतो, म्हणजे वरचा सगळा फायदा गेला. वीस बाइटचं पॅकेट एसएफ ७ ला सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातं, एसएफ १२ ला तेच १.३ सेकंद हवेत राहतं. तेवढा वेळ इतरांची लाइन अडवायची, इतरांशी टक्कर होण्याची शक्यता वाढवायची आणि ऐकणाऱ्याला पुरेसा अवधी द्यायचा. तीस मीटरला याची गरज नाही.

ऐकलं कोणी तर काय

पाण्याच्या पातळीत लपवण्यासारखं काय, असं बरेचजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण साध्या लोरा मॉड्यूलमध्ये कुलूप नसतं. सिंक वर्ड हा फक्त आपलं-परकं ओळखायला असतो, तो गुपित नाही. लोरावॅनमध्ये (लोरावर उभारलेल्या जाळ्याच्या ठरलेल्या पद्धतीत) १२८ बिटचं एईएस कुलूप असतं, नुसत्या मॉड्यूलवर तुम्ही स्वतः लिहिलं तरच. उघड्या निरोपात जो ऐकतो तो वाचतो, आणि रेकॉर्ड करून तोच निरोप पुन्हा पाठवूही शकतो. "पंप चालू" हा निरोप मध्यरात्री कोणी पुन्हा पाठवला तर? म्हणून निरोप कुलूपबंद करा आणि त्यात चढता क्रमांक टाका, जुना क्रमांक आला की रिसीव्हरने फेकून द्यावा. कुलूप लावलं तरी ट्रान्समीटर आहे हे कळतंच. केव्हा बोलतो, किती वेळाने बोलतो, कुठल्या दिशेने, हे दिसत राहतं. बंगल्यात पाणी कधी वापरलं जातं आणि कधी आठवडाभर नाही, एवढं कळायला निरोप उघडावा लागत नाही. ही बाजू फक्त अँटेना, जागा आणि पॉवर यांनीच झाकता येते.

तुमच्या सिग्नलची गळती स्वतः मोजा. आरटीएल-एसडीआरचा डोंगल (रेडिओ लहरी संगणकावर दाखवणारा रिसीव्हर) लॅपटॉपला लावला की धबधब्याच्या चित्रात, म्हणजे वेळेनुसार सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रात, लोराचे तिरके पट्टे चटकन ओळखू येतात. बदलाआधी आणि बदलानंतर त्याच डोंगलने, त्याच अँटेनाने, त्याच जागेवरून बघा; पर्वती किंवा तळजाई यांपैकी जिथून तुमची गच्ची दिसते ती जागा घ्या.

जुन्नर, नारायणगाव भागात शेतावर अशी यंत्रणा बसवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या भुजा पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत, आणि ती ऐकते ते सिग्नल आपल्या कल्पनेपलीकडे क्षीण असतात. तिचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे विहिरीच्या मोटरसाठी मिळणारे ४३३ चे स्वस्त रिमोट बरोबर त्याच्या आत पडतात. ८६६ हे ५५० ते ८५० च्या पट्ट्याच्या जरा वर आहे, पण जवळच आहे. तिथे उंच खांबावर चहूकडे पसरणारा अँटेना लावू नका, आणि काहीही वायरलेस बसवण्याआधी वेधशाळेतल्या लोकांशी बोला.

इतकं करूनही पॅकेट गळत असेल, आणि डक्टमधून वायर नेण्याची सोय असेल, तर वायरच टाका. आरएस-४८५ (तारेवरून निरोप पाठवायची पद्धत) ची दोन तारांची जोडी शंभर मीटरला आरामात चालते आणि कोणाला ऐकूही जात नाही. वायरलेस ठेवणार असाल तर रिसीव्हरच्या प्रोग्राममध्ये आजच एक ओळ घाला: पंप चालू असताना ठरलेल्या वेळेत पॅकेट आलं नाही, तर पंप बंद. सेन्सर "भरली" म्हणेपर्यंत पंप चालवत राहणारा प्रोग्राम मी कोणत्याच सोसायटीत राहू देत नाही.